साटंलोटं

माझ्या आत्याचं लग्न साट्यालोट्यातलं.
तिकडची मुलगी माझी आई होऊन इकडे आली,
इकडची आत्या तिकडे गेली.
हुंडा नाही, मानपान नाही, एका मांडवात दोन अंतरपाट.
एकदा बाबांनी रागाच्या भरात आईला माहेरी धाडलं,
तर चौथ्या दिवशी आत्या ट्रंक घेऊन आमच्या दारात.
तिचा काहीच गुन्हा नव्हता.

हे मला आठवलं परळला, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर,
कोऑर्डिनेटर मुलगी कागदावर चार गोल काढत होती तेव्हा.
तुम्ही बी. तुमचे मिस्टर ए. तुमची त्यांना चालणार नाही.
मरोळच्या मिरांडाबाई ए, त्यांचा ग्लेन बी.
तिने बाण काढले, एकमेकांना छेदणारे.
म्हटलं, कळलं. साटंलोटं.
पंचवीसची असेल ती. तिला शब्द माहीत नव्हता.

हे दारूखान्यात, भंगाराच्या वजनकाट्यावर.
वीस वर्षं ट्रक भरलेला तोलायचा, मग रिकामा,
मधला फरक तो माल.
आता आठवड्यातून तीनदा स्वतःच चढतात काट्यावर,
डायलिसिसच्या आधी आणि नंतर.
साडेतीन किलो, म्हणतात. आज माल बरा निघाला.
दिवसाला पाऊण लिटर पाणी, आमटी धरून.
डाव्या हाताच्या फिस्टुलाला कान लावला
की लांब कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू.
मी त्या आवाजाशेजारी झोपते.

समितीपुढे कॅमेरा होता.
कुणी पैसे कबूल केलेत? नाही.
दबाव? नाही.
नवऱ्याचं नाव?
जीभ अडली. सव्वीस वर्षांत उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं.
मनोहर, म्हटलं. नुसतंच, बिनयमकाचं.
लग्नाचा अल्बम उलटून पाहिला त्यांनी.
फोटोत आम्ही दोघंही कुणावर तरी चिडलेले.

खोटं कशाला बोलू,
द्यायला निघाले होते मी ह्यांना,
आणि जाणार होती एका पोराला, ज्याला मी दोनदा पाहिलं
आणि ज्याने दोन्ही वेळा मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही.

मंगळवार ठरला. सोमवारी ग्लेनला ताप.
तीन आठवडे पुढे.
मी मिरांडाबाईंना रोज फोन करायचे, ताप विचारायला,
आणि त्या मागे तर सरत नाहीत ना, ते आवाजात ऐकायला.
त्याही तेच ऐकत होत्या.

मग एकाच सकाळी चार खोल्या, चार टेबलं.
आधी एक, मागून एक, असं करत नाहीत.
ज्याला मिळालं तो उठून जाऊ शकतो,
माणूसच आहे.
म्हणून डॉक्टर आतल्या फोनवर घटका जुळवतात,
तुमचं तयार? आमचं तयार.
भूल चढताना मी डाव्या कुशीवर हात ठेवला.
दिल्या घरी, म्हटलं,
पुढचं म्हणायच्या आत दिवे गेले.

ग्लेनला टेबलावरच लघवी सुटली.
इकडे ह्यांची पिशवी कोरडी.
एक दिवस, चार, सात. पुन्हा दोनदा डायलिसिस.
सुस्तावलीये, डॉक्टर म्हणाले, होईल जागी.
माझी तिकडे पहिल्या मिनिटापासून राबत होती
आणि इकडे आलेली ही निजून.
त्या पोराचं वाईट चिंतलं नाही मी.
त्याच्या पिशवीचा आकडा मात्र कुणाला विचारला नाही.

नवव्या दिवशी मिरांडाबाई आल्या,
एक हात टाक्यांवर, एक भिंतीला.
काचेबाहेर उभ्या राहिल्या. मास्कच्या वर डोळे,
लेकीला सासरी काम जमत नाही असा निरोप आलेल्या आईचे.
"जरा वेळ द्या," म्हणाल्या, "तिला घर ठाऊक नाही अजून."
मी बाकावर सरकून जागा केली.

अकराव्या रात्री नर्सने मला हलवून उठवलं.
पिशवीच्या तळाशी पिवळं, बोटभर.
ह्यांनी आधी विचारलं, रिकामी पिशवी किती भरते?
मग तळहातावर तोलून म्हणाले, ऐंशी ग्रॅम.

मी बाकाखाली चप्पल शोधली.
तिकडे किती झाली, विचारून यायला.